माळ्यावरच्या टाकीचं वकीलपत्र

जुना फ्लॅट नव्याने करायला काढला की इंटीरियरवाला पहिल्याच भेटीत बाथरूमवरच्या माळ्याकडे मान वर करून बघतो आणि जाहीर करतो, ‘ही टाकी जाणार.’ विचारत नाही, सांगतो. टाकी गेली की फॉल्स सीलिंगला सलग उंची मिळेल, शॉवरला गच्चीवरून थेट दाब मिळेल, माळ्यावर बॅगा आणि गाद्या मावतील. घरातल्या कुणी कुरकुर केलीच तर उत्तरं तयार असतात. पाणी आता चोवीस तास असतं. टाकी म्हणजे डासांचं आगर. एवढं वजन स्लॅबला झेपत नाही. आणि साठवलेलं पाणी प्रकृतीला वाईटच, त्यापेक्षा एक चांगला आरओ बसवा. सोसायटीच्या वार्षिक सभेतही हल्ली हीच टेप वाजते. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुण्याच्या पेठा, जिथे जिथे ठरल्या वेळेला येणाऱ्या पाण्यावर संसार झाले, तिथे घरोघरी दोन-तीनशे लिटरची ही काळी टाकी माळ्यावर बसलेली आहे, आणि तिच्या बाजूने उभं राहायला कुणी तयार नाही.

मी उभा राहतो. टाकीवर प्रेम असण्याचं काही कारण नाही. ती गळते, तिच्यात गाळ बसतो, आणि ती धुणं हे घरातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे. पण तिच्यावरचे आरोप खरे ठरतात ते ज्या गोष्टींमुळे, त्या आपण केलेल्या असतात: तुटकं झाकण, उघडा ओव्हरफ्लो, अवाच्या सवा आकार आणि हात न पोचणारी जागा. हे सगळं दुरुस्त होतं, तेही फार थोड्या खर्चात. दुरुस्ती सोडून टाकीच काढून टाकली की त्यानंतर घरात जे येतं ते टाकीपेक्षा वाईट असतं.

चोवीस तास पाण्यापासून सुरुवात करू. मुंबई महापालिका सात तलावांचं पाणी उचलते: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. ते शुद्ध होतं, सेवा जलाशयांत जातं आणि तिथून विभागवार ठरलेल्या वेळांना सुटतं. बहुतेक भागांत हा मामला दिवसाकाठी काही तासांचा असतो. त्या तासांत पाणी सोसायटीच्या तळटाकीत पडतं, पंप ते गच्चीवर चढवतो आणि गच्चीवरून ते नळाला उतरतं. म्हणजे चोवीस तास चालणारा आपला नळ साठवणीवरच चालतो. माळ्यावरची टाकी काढणारा साठवणीतून सुटत नाही, आपल्या वाटणीची साठवण तो सेक्रेटरी, पंप आणि वॉचमन यांच्या हवाली करतो. पंप जळला, तळटाकी धुवायला काढली, कुठल्या तरी खोदकामात जलवाहिनी फुटली, पाऊस लांबला म्हणून दहा टक्के कपात लागली, की पहिला कोरडा पडतो तो हाच ‘चोवीस तास’वाला नळ.

रस्त्यातल्या पाइपात पाणी दिवसरात्र दाबाखाली असेल तर गोष्ट वेगळी. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. अशा गावात माझं वकीलपत्र मी आनंदाने मागे घेतो, तिथे खरंच टाकी काढा. कारण दाब कायम असला की पाइपाला भेग असली तरी पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. आपल्याकडे पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्याच भेगेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ते गढूळ का येतं, याचं उत्तर यातच आहे. जुन्या घरांत पहिल्या दोन बादल्या मोरीत सोडून मगच पिण्याचं भरायची पद्धत होती, ती उगीच नव्हती.

आता डास. इथे आरोप खरा आहे, अगदी शास्त्राधार असलेला आहे, आणि मुंबईइतका जुना पुरावा क्वचित कुठल्या शहराकडे असेल. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला. शहराबाहेरच्या दलदलीकडे बोट दाखवायची तेव्हाची सवय होती. बेंटलींनी बोट दाखवलं ते वाड्यांतल्या विहिरींकडे आणि घरांतल्या टाक्यांकडे. अॅनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास डबक्यापेक्षा माणसाने साठवलेल्या स्वच्छ पाण्यात खुशाल वाढतो, हे मुंबईने तेव्हा शिकून घेतलं. (हाच डास २०१२ मध्ये जिबूतीत आणि नंतर इथिओपियात सापडला. आफ्रिकेतला मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यांचा. तो आता शहरांत शिरेल, अशी धास्ती त्यामुळे तिथे आहे.) अहवालानंतर विहिरी बुजवण्याची मोहीम निघाली आणि मोठा वाद पेटला. विहिरीच्या पाण्याला धर्मकृत्यांत स्थान असलेले पारशी आणि हिंदू विरोधात उभे राहिले. कितीतरी विहिरी बुजल्या, काही झाकून, जाळी लावून राहिल्या.

आज त्या वादातून घेण्यासारखं एकच आहे: डासाला पाणी असून चालत नाही, पाण्यापर्यंत वाट लागते. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं अजूनही इमारतींच्या टाक्या तपासत फिरतात. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली नोटिसा निघतात. त्यांत मागणी असते ती डास शिरणार नाही अशा झाकणाची आणि तपासायला चढता येईल अशा शिडीची. टाकी काढा असं पालिका म्हणत नाही. शंभराहून अधिक वर्षं डासांच्या मागे लागलेल्या खात्याला जे सुचलं नाही ते इंटीरियरवाल्याला एका भेटीत सुचतं.

डेंग्यूचा एडिस तर घरातलाच. त्याची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. टॉर्च मारून पाहिलं तर मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसतात. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात, आणि पाण्याची पातळी चढून त्यांच्यापर्यंत आली की फुटतात. त्यानंतर आठवडा-दहा दिवसांत डास उडतो. रोज उतरणारी आणि रोज भरणारी उघडी टाकी त्याला यासाठी आयतीच सोयीची. ‘कोरडा दिवस पाळा’ असं आरोग्य खातं सांगतं तेव्हा नुसती टाकी रिकामी करून भागत नाही ते यामुळे. भिंत घासावी लागते.

पण डास आत शिरतो कुठून? माळ्यावरच्या टाक्या उघडून बघा. झाकणाचे आटे गेलेले असतात आणि ते नुसतं वर टेकवलेलं असतं. किंवा प्लंबरने इनलेटचा पाइप सरळ झाकणालाच भोक पाडून आत सोडलेला असतो, आणि भोक पाइपाच्या दुप्पट. ओव्हरफ्लोचं तोंड तर सताड उघडं, त्याला जाळी लावायची असते हे कुणाला ठाऊकच नसतं. मच्छरदाणीचा वीतभर तुकडा, एक क्लिप, नवं आट्याचं झाकण आणि इनलेटला टाकीच्या अंगातून काढलेलं टँक निपल, एवढ्यात हे काम होतं.

टाकी काढल्यावर काय होतं ते मात्र कुणी बोलत नाही. कपातीचे दिवस येतात, किंवा उद्या दिवसभर पाणी नाही अशी नोटीस जिन्यात लागते. मग घरात पिंपं भरली जातात. बाल्कनीत एक, मोरीत एक, शिवाय बादल्या, घागरी आणि प्रेशर कुकरसुद्धा. पिंपावर झाकण म्हणून ताट, ताटाच्या कडेने बोट जाईल एवढी फट, आणि पाण्यात बुडवायला तांब्या, म्हणजे प्रत्येकाचा हात त्यात. कपात संपली तरी बाल्कनीतलं पिंप ‘असू दे, लागेल’ म्हणून आठवडाभर तसंच राहतं. डासांचं आगर मोडायला निघालेल्या घराने चार नवी आगरं उघडली, तीही माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर.

वजनाच्या मुद्द्यावर मी विरोधी पक्षाशी जवळजवळ सहमत आहे, फक्त त्यांनी तो अर्धवट मांडलेला आहे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. टाकी रुंद असो की अरुंद, पाण्याची उंची १ मीटर असेल तर तिच्या खालच्या प्रत्येक चौरस मीटरवर १,००० किलो भार येतो. घराची राहती जमीन भारतीय मानकांनुसार साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर एवढा वापराचा भार धरून आखतात, आणि माळ्याची तीन-चार इंची पट्टी तर गाद्या-भांड्यांच्या हिशेबाने ओतलेली असते. म्हणून माळ्यावर ५०० किंवा ७५० लिटरची टाकी चढवणारा माणूस डोक्यावर धोंडा टांगतो, यात वाद नाही. यातून निघतं ते एवढंच की टाकी लहान आणि बुटकी हवी, भिंतीच्या बाजूला हवी आणि तिच्या तळाशी पूर्ण टेकेल अशी सपाट फळी हवी. चार विटांवर पाय दिल्यासारखी ठेवलेली प्लॅस्टिकची टाकी तळाला हळूहळू पोटासारखी फुगते आणि नेमकी चेकनटपाशी तडकते.

आणि लहान टाकी वजनापेक्षाही दुसऱ्या कारणासाठी हवी. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. वाटेत काही शिरलं तर त्याचा बंदोबस्त त्याने करायचा. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात तो निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असायला हवा. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, नळीतल्या पाण्याला पिवळट छटा येते की नाही बघतो, तो हाच क्लोरीन शोधत असतो. शहरातल्या सुशिक्षितांच्या सोसायटीत ही चाचणी कुणी केल्याचं क्वचितच ऐकू येतं. क्लोरीन टिकत नाही. वेळ गेला की उडतो, पाणी तापलं की आणखी लवकर उडतो, टाकीत गाळ असला की त्याच्याशी झटापट करण्यातच संपतो. चार माणसांच्या घरात २०० लिटरची टाकी रोज रिकामी होऊन रोज नव्याने भरते, तिच्यातलं पाणी शिळं होऊच शकत नाही. हजार लिटरच्या टाकीतलं पाणी आठवडा-आठवडा ढवळलंही जात नाही. ‘साठवलेलं पाणी वाईट’ हे म्हणणाऱ्यांनी किती लिटर आणि किती दिवस, हे दोन आकडे आधी सांगावेत.

आरओबद्दल दोनच वाक्यं. तो एका नळाला लागतो, आणि त्या नळाखाली आपण दात घासत नाही, भाजी धूत नाही, बाळाला आंघोळ घालत नाही. डेंग्यूचा डास तर त्याच्या वाटेलाही जात नाही. शिवाय मुंबईचं तलावाचं पाणी मुळातच मऊ, त्यातले क्षार काढायचं हे यंत्र तिथे काय काढणार, हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाला २०१९ मध्येच पडला होता आणि लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ लावण्यावर बंदीचा आदेशही त्याने दिला होता.

आता ज्या मुद्द्यावर सगळेच हसतात तिथे येतो: टाकीला आणि पाइपांना आवरण. ‘इन्सुलेशन? ते थंड देशांचं खूळ.’ विलायतेत माळ्यावरची टाकी गोठू नये म्हणून गुंडाळतात, हे खरं. तिथे एक गंमत आहे. टाकीच्या चारही बाजूंना आणि झाकणावर लोकर घालतात, पण टाकीच्या तळाखाली घालत नाहीत. खालच्या खोलीची ऊब वर यावी आणि तिने पाणी गोठू देऊ नये, असा हिशेब. लंडन-लेस्टरला गेलेल्या आपल्या मंडळींनी घर घेतलं की पहिल्या हिवाळ्यात हे शिकावंच लागतं. घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोला जाळी तिथल्या १९९९च्या पाणी नियमांत आहे, आणि तिथे तर डेंग्यूचा डासही नाही.

पण त्या आवरणाचं दुसरं काम आपल्या जास्त उपयोगाचं आहे. लिजिओनेला नावाचा जीवाणू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात पोसला जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका मेळाव्यात लोक न्यूमोनियाने दगावले तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. थंड देशांत साठवलेलं पाणी २० अंशांच्या खाली ठेवा म्हणतात ते त्याच्यासाठी. आपल्याकडे २० अंशांचं पाणी पौष सोडला तर मिळायचं नाही. म्हणजे थंडी हे त्यांचं हत्यार आपल्या हातात नाही. आपल्याकडे आहे तो क्लोरीन, आणि क्लोरीनला मारतं ते ऊन. आवरणाची गरज त्यामुळे आपल्याला जास्त आहे, कमी नाही.

थोडा हिशेब करू. गच्चीवर ५०० लिटरची काळी टाकी आहे आणि चैत्रातल्या उन्हात तिने सरासरी १ किलोवॉट उष्णता ६ तास शोषली असं धरा. पाणी सुमारे १० अंशांनी तापेल. टाकी अर्धीच भरलेली असेल तर दुप्पट. म्हणूनच कपातीच्या उन्हाळ्यात नळाला दुपारी चटका देणारं पाणी येतं, टाकी अर्धी रिकामी असते. यावर जाडजूड गोधडी गुंडाळणं हा पहिला उपाय नाही. आवरण तापणं लांबवतं, टाळत नाही. दिवसभर उन्हात ठेवलेली गुंडाळलेली टाकी संध्याकाळपर्यंत तापतेच आणि मग रात्रभर निवत नाही. पहिला उपाय सावली, दुसरा पांढरा रंग, तिसरा म्हणजे सकाळीच टाकी काठोकाठ भरून घेणं. आवरण चौथं. विदर्भात ओलं गोणपाट किंवा ताट्या टाकीभोवती लावतात, त्याला तोड नाही, कारण नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत गोणपाटातलं पाणी झपाट्याने उडतं आणि टाकी गार राहते. मुंबईच्या दमट हवेत तेच गोणपाट चार दिवसांत हिरवं होतं आणि वास मारतं. नागपूरची युक्ती जशीच्या तशी दादरला आणू नये.

आणि आता सांगा, इमारतीतल्या सगळ्या टाक्यांपैकी पूर्ण सावलीत, अंधारात, चार भिंतींच्या आत बसलेली टाकी कुठली? हीच, माळ्यावरची. गच्चीवरचं तापलेलं पाणी इथे उतरून काही तास राहिलं की खोलीच्या हवेला येतं. उन्हाळ्यात दुपारी आंघोळ करता येईल असं पाणी घरात फक्त तिच्याकडे असतं. तिला उजेड लागत नाही, म्हणून शेवाळ नाही. आवरणाचं सगळं काम घरानेच फुकट केलेलं आहे, आणि काढायची ठरते तीच. अपवाद एक: शेवटच्या मजल्यावर माळ्याच्या डोक्यावर तापलेली गच्ची असते. तिथे टाकीच्या झाकणावर थर्माकोलची पाटी ठेवावी, आणि सोसायटी ऐकत असेल तर गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यावर पांढरी चायना मोझॅक करून घ्यावी. फायदा टाकीपुरता राहत नाही, खालच्या खोलीलाही होतो.

पाइपांची कथा वेगळी. पुण्यात इमारतींच्या गच्च्यांवर सोलर आहेत, आणि सकाळी खालच्या मजल्यावरचे लोक बादलीभर थंड पाणी सोडून देऊन गरम पाण्याची वाट बघतात. एक इंची पाइपात दर मीटरला जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत वळणं धरून ३० मीटर पाइप झाला तर १५ लिटर पाणी त्यातच निवून बसलेलं असतं. प्रत्येक घरात, रोज. त्यावर फोमची नळी चढवलेली असते, पण ती उघडी. ऊन तिला दोन उन्हाळ्यांत भुगा करतं, उरलेलं कावळे आणि उंदीर नेतात. कोटेशनमध्ये ‘इन्सुलेशन’ लिहिलेलं असतं, त्यावरचा अॅल्युमिनियमचा पत्रा मात्र गाळलेला असतो, आणि खरं तर पैसे त्या पत्र्याचेच द्यायला हवेत. थंड पाण्याचा पांढरा पीव्हीसी पाइप गच्चीवर उन्हात वर्षानुवर्षं पडला की ठिसूळ होतो, कुणाचा पाय पडला की मोडतो. त्याला निदान रंग हवा. जुन्या जीआय पाइपाला मात्र घट्ट गुंडाळू नका. आवरणाखाली ओल अडकते आणि गंज आतल्या आत चालू राहतो, तो दिसतो तेव्हा भिंत गेलेली असते. माळ्यावर टाकीशेजारी आडवा गीझर बसवायची फॅशन आली आहे. तिथे गरम पाण्याचा पाइप टाकीला टेकवून नेतात, तो वीतभर लांब न्यावा आणि त्याच्यावर फोम चढवावा.

धुण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण टाकीविरुद्धचा खरा, न बोललेला आक्षेप हाच आहे की धुणार कोण. इनलेटचा कॉक बंद करून पाणी रोजच्या वापरात तळापर्यंत उतरू द्यायचं, चार बोटं उरलं की घरात जाणारा गेट व्हॉल्व्ह बंद. हे विसरलं की घासताना सुटलेला सगळा गाळ गीझरमध्ये आणि नळांच्या जाळ्यांत जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलवावा लागतो. नायलॉनचा ब्रश घ्यायचा, तारेचा नाही. प्लॅस्टिकवर ओरखडे पडले की त्यांत पुढच्या वेळी घाण रुतते. साबण नको. आधी पाण्याच्या रेषेच्या वरची पट्टी घासायची, अंडी तिथे असतात, मग बाजू, मग तळ. तळाचा गाळ हाताला लोण्यासारखा मऊ लागतो, तो मगाने आणि फडक्याने काढायचा. मग ब्लीचिंग पावडर, गावाकडची टीसीएल. ३०० लिटर टाकीला साधारण ५० ग्रॅम पुरते. ती थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून अर्धा तास ठेवायची, चुन्याचा साका खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओतून टाकी भरायची. मग गेट व्हॉल्व्ह उघडून घरातला एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, म्हणजे पाइपही धुतले जातात. काही तास तसंच ठेवून ते पाणी संडासाला वापरून टाकायचं, प्यायचं नाही. पुन्हा एकदा साध्या पाण्याने भरून रिकामी केली की झालं. रविवारची सकाळ जाते, हे कबूल. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सफाईत. टँक क्लीनिंगवाले यंत्र आणून वीस मिनिटांत काम करतात आणि प्रमाणपत्रही देतात. त्यांनी गेट व्हॉल्व्ह बंद केला का, एवढं उभं राहून बघा.

आणि हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा माळ्यावर माणूस पोचतो. इथे इंटीरियरवाल्याशी माझं खरं भांडण आहे. टाकी आधी वर चढते आणि शटरची चौकट नंतर बसते, तीही दीड फुटाची. पुढे कधी टाकी बदलायची झाली तर ती करवतीने कापून तुकड्यातुकड्यांनी खाली आणावी लागते, आणि धुवायला तर कोपरापर्यंत हात आत घालून अंदाजाने ब्रश फिरवावा लागतो. अशी टाकी घाण राहते आणि मग ती घाण आहे म्हणून काढायची सूचना येते. शटर टाकीपेक्षा मोठं ठेवा, झाकण आणि छत यांत माणसाचं डोकं जाईल एवढी जागा ठेवा. इनलेट ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर काढा, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं सोसायटीच्या लाइनीत जायची वाटच राहत नाही. टाकीतून निघणारा पाइप उताराने खाली आणा. मध्येच चढवून पुन्हा उतरवला की त्या कमानीत हवा अडकते आणि ‘टाकी भरलेली पण नळाला धार नाही’ ही तक्रार सुरू होते.

राहिला शॉवर. माळ्यावरची टाकी शॉवरच्या डोक्यावर जेमतेम दोन-तीन फूट असते, तेवढ्या उंचीचा दाब तुमच्या इंपोर्टेड रेन शॉवरला पुरणार नाही, हे इंटीरियरवाल्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मग शॉवरची लाइन गच्चीवरून थेट घ्या आणि बेसिन, फ्लश, बादलीचा नळ टाकीवर ठेवा, दोन्हींच्या मध्ये एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाका. त्यासाठी टाकीचा बळी द्यायची गरज नाही. आणि ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीबाहेर नेऊन डक्टमध्ये सोडू नका. तिथे बॉलकॉक बिघडून महिनोन् महिने पाणी वाहत राहतं आणि कळतं ते खालच्या मजल्यावरच्या भिंतीला ओल आल्यावर, भांडण जिन्यात पोचल्यावर. ओव्हरफ्लो बाथरूममध्येच काढा, दाराच्या आतल्या बाजूला, मुद्दाम अडचणीच्या जागी. डोक्यावर गार थेंब पडायला लागले की घरातला सर्वांत आळशी माणूससुद्धा संध्याकाळपर्यंत वॉशर बदलतो.